किती चेंडू?

स्कोअरबुकात निर्धाव चेंडूसाठी एक टिंब असतं. षटकातले सहाही चेंडू निर्धाव गेले, की ती सहा टिंबं जोडून इंग्रजी ‘एम’ काढायचा. मेडन. गेली जवळपास तीस वर्षं मी पुण्यात आणि आसपासच्या मैदानांवर स्कोअरर म्हणून ही टिंबं मांडतो आहे. त्यात मुंबईच्या संघांसमोर काढलेले ‘एम’ मला सर्वांत जास्त आठवतात. मुंबईचा मला लहानपणापासून राग होता. तो राग या टिंबांनीच हळूहळू उतरवला. हे कसं घडलं, ते एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

राग वारशाने आलेला होता. आजोबा महाराष्ट्राचे कर्णधार देवधर यांच्या काळातले. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, ते त्यांचं तारुण्य. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या आणि समोरच्या संघाने पुढे खेळायलाच नकार दिला. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर राहिला. ही हळहळ आजोबा आयुष्यभर सांगत. पण त्यांचा खरा संताप होता तो त्यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच झालेल्या उपांत्य सामन्याचा. मुंबईने पहिल्या डावात ६५१ केल्या, महाराष्ट्राने ४०७. हातात २४४ धावांची आघाडी असताना मुंबईने दुसऱ्या डावात आठ बाद ७१४ पर्यंत फलंदाजी केली आणि मग डाव सोडला. जिंकायला ९५९ हव्या होत्या. महाराष्ट्राने ६०४ केल्या आणि तरी सामना ३५४ धावांनी गमावला. एका प्रथम श्रेणी सामन्यात २,३७६ धावा निघाल्या, तो जागतिक विक्रम ठरला. आजोबांना विक्रमाचं कौतुक नव्हतं. “सातशे चौदा कशाला?” एवढंच ते विचारत. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला, की तो माझाच झाला.

वडिलांची जखम वेगळी. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं मुंबईने करंडक जिंकला. त्यात १९७०-७१ चा अंतिम सामना महाराष्ट्राविरुद्ध होता. त्या वेळी वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड हे भारतीय संघातून वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेले होते. मुंबईचा कणाच जागेवर नव्हता. सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने आम्हाला तरीही हरवलं. “यांच्या घरात नाही तरी कोण?” असं वडील म्हणायचे. त्यात किती कौतुक होतं आणि किती वैताग, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मी स्वतः लेगस्पिन टाकायचो. क्लबच्या पहिल्या संघात नवा होतो, तेव्हा मुंबईचा एक संघ दोन दिवसांच्या सामन्यासाठी पुण्यात आला होता. त्या सामन्यात मी ३१ षटकं टाकली आणि एक बळी मिळवला. त्यांचा एक फलंदाज १८० च्या पुढे गेला होता. आमची बोटं सोलवटली होती, उन्हाने डोकं भणभणत होतं. षटक संपल्यावर तो जोडीदाराला शांतपणे म्हणाला, “अजून एक तास.” मला वाटलं, हा आम्हाला माणसांत धरत नाही. आमची फलंदाजी आली, तेव्हा जवळ उभे राहिलेले त्यांचे क्षेत्ररक्षक प्रत्येक चेंडूनंतर काही ना काही बोलत होते. शिवी एकही नव्हती. “घाई आहे त्याला, देईल बघ,” असं काहीतरी. मी खरोखरच घाई केली आणि विकेट देऊन आलो. त्या संध्याकाळी मी त्यांच्यापैकी कोणाशीही हात मिळवला नाही.

मे १९९१ मध्ये वानखेडेवर हरियाणाने मुंबईला अंतिम सामन्यात दोन धावांनी हरवलं, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. दिलीप वेंगसरकर नाबाद १३९ वर उभे, शेवटचा गडी धावबाद, आणि वेंगसरकरांच्या डोळ्यांत पाणी. ते दृश्य क्रिकेट पाहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. आम्ही मित्रांनी त्या दिवशी पेढे वाटले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण घडलं ते असंच.

नंतर गुडघा गेला. खेळणं सुटलं, मैदान सुटेना. एका ज्येष्ठ पंचांनी सुचवलं म्हणून स्कोअररची परीक्षा दिली. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम कारकुनी वाटतं. प्रत्यक्षात ते दिवसभराचं लक्ष देणं आहे. चेंडू कोणी टाकला, कोणी खेळला, धाव बॅटची की पॅडची, नोबॉल की वाईड, पंचांनी केलेल्या खुणेला आपण हात वर करून पोच दिली की नाही. दर षटकाच्या शेवटी शेजारच्या स्कोअररशी आकडा जुळवायचा. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज गोलंदाजांच्या खात्याशी पडताळायची. सबंध दिवसात एका चेंडूकडे दुर्लक्ष झालं, तरी संध्याकाळी हिशेब अडतो. प्रेक्षकाला नावडत्या संघाकडे पाठ फिरवता येते. स्कोअररला ती सोय नाही. ज्याचा राग येतो, त्याचाही प्रत्येक चेंडू आपल्याच हाताने लिहावा लागतो.

निमंत्रितांच्या स्पर्धांत मुंबईचा संघ आला, की बहुतेक वेळा त्यांच्याबरोबर एक वयस्कर स्कोअरर असायचे. पांढरा बुशशर्ट, खिशात तीन रंगांची पेनं, डब्यात घरची पोळीभाजी. पहिल्या भेटीत त्यांनी मला “काय हो पुणेकर, बसा” म्हणून आपल्या शेजारची सावलीतली खुर्ची दिली. मी त्यांना काका म्हणू लागलो. वर्षभरात त्यांच्या “अहो”चं “अरे” झालं.

काकांची एक सवय मी पहिल्याच दिवशी टिपली. त्यांचा फलंदाज बाद झाला, की ते धावांचा आकडा नंतर बघायचे. आधी त्याच्या नावापुढची टिंबं मोजायचे. “किती चेंडू खेळला?” हा त्यांचा पहिला प्रश्न. ४० चेंडूंत ४५ काढून झेल देणाऱ्या मुलाविषयी ते काही बोलत नसत. १२० चेंडूंत ३० काढून अखेर एका चांगल्या चेंडूवर बाद होणाऱ्या मुलाकडे बघून मान हलवायचे आणि म्हणायचे, “कामाचा आहे.”

एका सकाळी त्यांच्या सलामीच्या जोडीने पहिल्या तासात अकरा धावा केल्या. चेंडू स्विंग होत होता, आमचा पोरगा सुंदर गोलंदाजी करत होता. मी ‘एम’मागून ‘एम’ काढत होतो आणि मनात म्हणत होतो, काय हे रटाळ खेळणं. उपाहारानंतर चेंडू जुना झाला, आमचा पोरगा दमला, आणि तीच जोडी सहज धावा काढू लागली. संध्याकाळी पानं उलटून पाहिली, तर दिवसाचा सामना पहिल्या तासातच ठरला होता, माझ्याच हातच्या टिंबांत. मी ते लिहिलं होतं, पाहिलं नव्हतं.

त्यानंतर कधीतरी तो चहापानाचा प्रसंग घडला. दोन दिवसांच्या सामन्यात पहिल्या डावाची आघाडी हाच बहुधा निकाल असतो. मुंबईचा संघ आमच्या धावसंख्येच्या जवळ आला होता. पायचीतचं मोठं अपील झालं, पंचांनी नाकारलं, त्या गोंधळात फलंदाजांनी धावा पळून काढल्या. मी रागाने पंचांकडे पाहत होतो, धावांकडे माझं लक्षच नव्हतं. काका म्हणाले, “दोन लेगबाय.” मी दोन लिहिल्या. चहापान झालं, सगळे उठले, काका बसून राहिले. मग म्हणाले, “अरे, एक शॉर्ट होता. पंचांनी खांद्याला बोटं लावलेली मला आत्ता आठवलं. मी घाईत दोन सांगितल्या.” ते स्वतः उठून पंचांकडे गेले, खात्री करून घेतली आणि आपल्याच संघाची एक धाव कमी करून आले.

दोन्ही पुस्तकं जुळत होती. ते बोलले नसते, तर कोणालाही कळलं नसतं. मी त्यांना तसं म्हणालो. त्यावर ते म्हणाले, “फुकटची धाव द्यायची नाही, तशी घ्यायचीही नाही.” त्या डावात आघाडी आम्हाला मिळाली. घरी जाताना मात्र माझ्या डोक्यात ती कमी केलेली धावच घोळत होती. मुंबईच्या खेळाला सगळे ‘खडूस’ म्हणतात. मी त्या शब्दाचा एकच अर्थ धरून बसलो होतो: समोरच्याला काही द्यायचं नाही. त्याचा दुसरा अर्धा भाग मला त्या दिवशी कळला.

माझ्या मनात खरा बदल घडला तो मात्र मुंबईत, ऑगस्टच्या एका रविवारी. काकांनी कांगा लीग बघायला बोलावलं होतं. डॉक्टर कांगांच्या नावाची ही स्पर्धा १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टी झाकायची नाही, मैदानात गवत घोट्याएवढं, चेंडू जमिनीवरून मारला तर वीस पावलांवर थांबतो. इथल्या तीस धावा म्हणजे इतरत्रचं शतक, असं तिथले लोक म्हणतात. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या शेजारी शेजारी. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपजवळ उभा. कोणता चेंडू कोणाच्या सामन्यातला, हे नवख्याला कळतच नाही.

तिथे एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा फलंदाजीची वाट बघत तंबूत बसला होता. पहाटेची गाडी पकडून विरारच्याही पलीकडून आला होता. किटबॅग घेऊन लोकलच्या मालडब्यात उभा राहून. मागच्या दोन रविवारी पावसाने सामनेच झाले नव्हते. त्याचा नंबर आला. ओल्या टप्प्यावरून पहिलाच चेंडू उसळला, ग्लोव्हला लागला, शॉर्टलेगने झेल घेतला. तो परत आला, बॅट नीट पुसून ठेवली आणि पॅड न काढता बसून राहिला. कोणी त्याची समजूत काढली नाही. बराच वेळ तो खेळपट्टीकडेच बघत होता. काका म्हणाले, “पुढच्या रविवारी पाऊस नसला, तर मिळेल त्याला पुन्हा. आणि हा रांगेत एकटा नाही. त्याच्यामागे शंभर पोरं उभी आहेत.”

मला एकदम तो १८० वर खेळणारा फलंदाज आठवला. “अजून एक तास.” ते आम्हाला हिणवणं नव्हतंच. कदाचित त्यानेही कुठल्यातरी पावसाळ्यात असाच एक चेंडू खेळून दिवस घालवला असेल. ज्याला बॅट हातात मिळण्यासाठी इतकं थांबावं लागतं, तो ती सहजासहजी खाली ठेवत नाही. आमच्या पेठांतल्या, डेक्कनवरच्या पोरांना मैदान सायकलच्या अंतरावर होतं. आमच्यात गुणवत्ता कमी नव्हती, पण डाव गेला तर उद्या दुसरा मिळेल, असं आम्हाला आतून वाटत असायचं. मुंबईच्या मुलाला तसं वाटणं परवडत नव्हतं. परतीच्या गाडीत खंडाळा येईपर्यंत मी हाच विचार करत होतो. आजोबांच्या “सातशे चौदा कशाला?” या प्रश्नाचं उत्तरही मला तिथेच मिळालं. ज्यांना कुठली आघाडी पुरेशी वाटत नाही, त्यांनी ती मिळवण्यासाठी काय काय सोसलं आहे, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

काका पद्माकर शिवलकरांविषयी बोलताना आवाज खाली आणत. शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच बळी घेतले. भारताकडून एकही कसोटी त्यांना मिळाली नाही. तरी वर्षानुवर्षं ते मुंबईसाठी गोलंदाजी करत राहिले. अमोल मुजुमदारांचंही तसंच. पदार्पणात २६०, पुढे हजारो धावा, कसोटीची टोपी कधीच नाही. २००६-०७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने पहिले तिन्ही सामने गमावले. उपांत्य सामन्यात बडोद्यासमोर दुसऱ्या डावात शून्यावर पाच गडी बाद झाले. तो सामनाही त्यांनी जिंकला आणि करंडकही. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक हेच होते. मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होतो. तेव्हा बायकोने विचारलं, “मुंबईचे ना हे?” मी म्हटलं, “हो, मुंबईचे.”

त्याच्या कितीतरी आधी, काकांची टिंबं मोजण्याची सवय पाहून, मी माझ्या कामात एक बदल केला होता. आमच्या मुलांच्या सामन्यांत प्रत्येकाने किती चेंडू सोडले, किती खेळले, बाद होण्याआधीच्या बारा चेंडूंत काय केलं, याचं वेगळं पान ठेवू लागलो आणि सामन्यानंतर प्रशिक्षकांना देऊ लागलो. सुरुवातीला पोरांना ते आवडलं नाही. “सर, पन्नास झाले ना?” असं तोंड पाडून म्हणायची. दोन मोसमांनी त्यांतलीच काही स्वतःहून पान मागायला यायला लागली. शिकवणारा मी नव्हतो. शिकलेलं मुंबईकडून घेतलं होतं, एवढंच.

आदर वाटू लागला म्हणजे बाजू बदलली, असं नाही. जानेवारी २०१४ मध्ये वानखेडेवर उपांत्यपूर्व फेरीत मुंबईने आमच्यावर १२२ धावांची आघाडी घेतली. ते गतविजेते होते. मग महाराष्ट्राने त्यांना १२९ मध्ये गुंडाळलं, केदार जाधवच्या शतकाच्या जोरावर २५२ चं आव्हान फक्त दोन गडी गमावून पार केलं आणि पुढे थेट अंतिम फेरी गाठली. त्या संध्याकाळी मला वडिलांची फार आठवण झाली. काकांचा फोन आला. म्हणाले, “अभिनंदन रे. आघाडी हातात असताना हरलो, म्हणजे तुम्ही चांगलंच खेळलात.” १९९१ च्या पेढ्यांपेक्षा त्या एका वाक्याची चव कितीतरी गोड होती. ज्याला आपण मानतो, त्याला हरवण्याचा आनंद मला तेव्हा पहिल्यांदा कळला.

त्यांचं सगळंच मला पटतं असंही नाही. कोवळ्या वयाच्या प्रतिस्पर्ध्याला चारी बाजूंनी बोलून हैराण करणं मला आजही खटकतं. खेळ पोरांना घडवतो, तसा तोडूही शकतो. तसं दिसलं, तर मी काकांना तोंडावर सांगायचो आणि ते ऐकून घ्यायचे. पण ती त्रुटी दिसली म्हणून बाकीचं नाकारायचं, हे आता माझ्याने होत नाही.

ही चिकाटी मुंबईपुरती राहिलीही नाही. मुंबईच्याच चंद्रकांत पंडितांनी प्रशिक्षक म्हणून विदर्भाला लागोपाठ दोन वर्षं करंडक जिंकून दिला. वसीम जाफर तेव्हा विदर्भाकडून खेळत होते. जून २०२२ मध्ये पंडितांच्याच मध्य प्रदेशाने बंगळूरला अंतिम सामन्यात मुंबईला हरवलं. दोन वर्षांनी मुंबईने बेचाळिसाव्यांदा करंडक उचलला. त्या मोसमात बडोद्याविरुद्ध दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर आलेल्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दोघांनीही शतकं केली. शेवटची जोडी मैदानात आली म्हणजे स्कोअरर पेन बंद करायच्या तयारीत असतो. त्या दिवशी त्या टेबलावर बसलेल्या माणसांना मी मनातून नमस्कार केला.

काका आता मैदानावर येत नाहीत, गुडघे थकले. मागच्या हिवाळ्यात आमचा एक मुलांचा संघ मुंबईला खेळायला गेला होता आणि मी बरोबर होतो. सकाळी चेंडू हलत होता. आमचे तीन गडी लवकर गेले. मग साताऱ्याकडचा एक बारीक अंगाचा मुलगा उभा राहिला. बाहेर जाणारा चेंडू सोडायचा, अंगावरचा खेळायचा, मधूनच एखादी धाव. मी ‘एम’ काढत गेलो. स्लिपमधली मुंबईची पोरं आधी बोलत होती, तासाभराने गप्प झाली. चहापानाआधी तो बाद झाला. परतताना त्यांच्या यष्टिरक्षकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. स्लिपमधला एक जण दुसऱ्याला जरा मोठ्यानेच म्हणाला, “खडूस आहे रे हा.” आणि तिघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या.

रात्री काकांना फोन केला. म्हटलं, “आमच्या एका पोराने ४१ केल्या.”

“किती चेंडू?”

“१५८.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग काका म्हणाले, “कामाचा आहे.”